एकशे शहाण्णव दिवसांचं वर्ष

इनासिना कुलासो तीनला आली,
मडगावचा मासळीबाजार धुऊन झाल्यावर.
हातांना लिंबू चोळलेलं, वास तरी होताच.
खाली पदेराच्या भट्टीत संध्याकाळचे उंडे फुगत होते.
बसली नाही. म्हणाली, "पात्रांव,
बँकेतला पोर म्हणतो या फंडात चढउतार जास्त.
जास्त म्हणजे किती?"

बावीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.
लोक विचारतात, मिळेल किती.

तिच्याच वहीचं एक पान मागितलं.
बांगड्याचा रोजचा भाव, निळ्या शाईत,
एका आकड्यावर खवला वाळून बसलेला.
सोमवार ते शुक्रवार, कालच्यापेक्षा शेकडा किती:
चार वर, दोन खाली, सहा वर, पाच खाली, दोन वर.
सरासरी एक.
"एक तर कुठल्याच दिवशी नव्हता."
नव्हता.
त्या नसलेल्या एकापासून प्रत्येक दिवस किती लांब, ते मांडलं:
तीन, उणे तीन, पाच, उणे सहा, एक.
बेरीज शून्य.
पाच दिवस डोक्यावर पाटी, आणि कागदावर
काही घडलंच नाही.

म्हणून वर्ग करायचे.
उण्याचं उणेपण जातं, मोठा दिवस अजून मोठा होतो.
नऊ, नऊ, पंचवीस, छत्तीस, एक: ऐंशी.
पाचांनी भागून सोळा, सोळाचं मूळ चार.
खरं तर पुस्तक म्हणतं चारांनी भागा,
एक दिवस सरासरी काढण्यातच खर्च होतो.
"ती तुमची दलाली," इनासिना म्हणाली.
मी पाचच ठेवले.

मग तिचं बोट बुधवारवर थांबलं.
"हे सहा मला मिळाले. तेही धोक्यात धरलेत?"
धरले, बाय.
सूत्राला हसू आणि धसका वेगळे ओळखता येत नाहीत.

वर्षाचं काढायला दिवसांच्या वर्गमुळानं गुणायचं,
शेअरबाजाराचे दिवस अडीचशेच्या आसपास.
"माझं वर्ष एवढं लांब नाही."
मासेमारीबंदीचे दोन महिने गेले,
चवथीत निम्मी गिऱ्हाइकं गेली,
भावाच्या होडीचं इंजिन कुटबणला उघडं पडलं ते दिवस गेले.
वहीची पानं मोजली. एकशे शहाण्णव.
मूळ चौदा. चार चोक नाही, चार चौदे छप्पन्न.
"छप्पन्नावर तीन मुली शिकवल्या,"
वय सांगावं तशी म्हणाली.

तिला एक कागद दाखवला नाही.
माझ्या मेव्हण्याची बार्ज होती,
सावर्ड्याहून मुरगावला खनिज नेणारी.
नऊ वर्षं भाडं तेच, महिन्यामागून महिना तेच.
गणित मी मांडलेलं: चढउतार अर्धा टक्का.
मीच म्हटलं, दुसरी घे, कर्ज मिळेल.
नारळ फुटला, आणि त्या सप्टेंबरात खाणी थांबल्या.
आकडेमोड पुन्हा तपासली मी, रात्री, कितीदा तरी.
चूक सापडत नाही.
नऊ वर्षं पाहिली, नऊ वर्षांत काही नव्हतं.
दोन्ही बार्ज आता नदीच्या चिखलात,
भरतीला जरा उचलतात
आणि बसतात.

"फंडाचं किती?"
अठरा.
तिनं मनात काहीतरी ताडून पाहिलं, बांगड्याशी बहुतेक.
"महिन्याला दोन हजार लिहा.
बंदीचे दोन महिने नाही."
मी फॉर्म उलटसुलट पाहिला.
दर आठवड्याला, दर महिन्याला, दर तिमाहीला:
दहा महिन्यांच्या वर्षाला चौकोन नव्हता.
समासात पेनानं लिहिलं, जून-जुलै वगळून,
आणि तिनं त्याखाली सावकाश,
प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढत,
सही केली.